एल्सा नाश्त्याला येत नाही: ऑर्लँडोतल्या कॅरेक्टर ब्रेकफास्टबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून न्यू जर्सीला भावाकडे आठवडाभर, तिथून डिस्ने वर्ल्ड बघायला ऑर्लँडोला पाच दिवस. बरोबर पाच वर्षांची मुलगी, दोन वर्षं आठ महिन्यांचा मुलगा आणि सासू-सासरे. जवळच किसिमी गावात घर भाड्याने घेतलंय, गाडीही घेणार आहात. मुलीला 'फ्रोझन'मधल्या एल्साबरोबर नाश्ता करायचाय. मुलगा मागच्या वाढदिवसाला बोलावलेल्या छोटा भीमला बघून असा काही रडला की केक कापायचा राहिला. सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत. भाऊ म्हणतोय, 'शेफ मिकीज' या रेस्टॉरंटचं बुकिंग करून टाका, सगळे तिथेच जातात. तर करावं का, कधीचं करावं, आणि एका नाश्त्यावर एवढे पैसे घालावेत का?

मी १८ वर्षं ऑर्लँडोजवळ राहते. माझी मुलं मोठी झाली तशी इथे येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सहली आखून द्यायला लागले आणि आता तोच उद्योग झालाय. आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. नाश्ता जरूर करा. पण तुमच्या घरासाठी शेफ मिकीज नको, डिस्नेच्या ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलातलं '१९०० पार्क फेअर' घ्या. आणि तो अशा दिवशी ठेवा, ज्या दिवशी कुठल्याच पार्कचं तिकीट नाही. या दुसऱ्या गोष्टीसाठी मी प्रत्येकाशी भांडते, तुमच्याशीही भांडणार आहे.

आता एल्सा. ती कुठल्याच नाश्त्याला येत नाही. तिची बहीण अ‍ॅनाही नाही. एपकॉट पार्कमध्ये नॉर्वेचा विभाग आहे आणि तिथे 'आकर्सहुस' नावाचं राजकन्यांचं रेस्टॉरंट आहे. नॉर्वे म्हटल्यावर एल्सा असणारच, असं धरून दर वर्षी कोणी ना कोणी तिथलं बुकिंग करतं आणि मग टेबलावर स्नो व्हाइट आली की मुलगी विचारते, "एल्सा कधी येणार?" या प्रश्नाला वेटरकडेही उत्तर नसतं. एल्सा भेटते त्याच नॉर्वे विभागात, पण 'रॉयल सॉमरहुस' नावाच्या वेगळ्या घरात, रांगेत उभं राहून, जेवणाशिवाय. तेव्हा मुलीला आजच सांगून टाका: नाश्त्याला सिंड्रेला, आणि एल्साला भेटायला आपण तिच्या घरी जायचं. पाच वर्षांच्या मुलीला हे पटतं. आयत्या वेळी कळलं तर मात्र नाही पटत.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. कॅरेक्टर ब्रेकफास्ट म्हणजे तुम्ही बसून खायचं आणि मिकी, गुफी किंवा राजकन्या एकेक करून तुमच्या टेबलाशी येणार, सही देणार, फोटो काढू देणार. पार्कमध्ये एका मिकीसाठी अर्धा तास ते तासभर रांग लागते. इथे तासाभरात चार-पाच जण स्वतः येऊन जातात. लहान मूल घेऊन उन्हात रांगेत उभं राहिलेल्या माणसाला या वाक्याची किंमत कळेल.

तुमच्या मुलासाठी एक भेद समजून घ्या, कारण माझं सगळं उत्तर त्यावर उभं आहे. पात्रं दोन जातींची असतात. मिकी, मिनी, डोनाल्ड, गुफी, प्लूटो, पूह ही अख्ख्या पोशाखातली, मोठ्या डोक्यांची पात्रं. ती बोलत नाहीत, नुसत्या हातवाऱ्यांवर चालतात. सिंड्रेला, बेडूक-राजपुत्राच्या गोष्टीतली टियाना, अलादीन, 'एन्कांटो'मधली मिराबेल ही माणसाच्या चेहऱ्याची पात्रं. ती बोलतात, प्रश्न विचारतात, गुडघ्यावर बसून मुलांच्या डोळ्यांत बघतात. दोन-तीन वर्षांच्या मुलांना भीती वाटते ती पहिल्या जातीची. त्याचं कारण साधं आहे: घरी मोबाइलच्या पडद्यावर मिकी वीतभर असतो. इथे तो बाबांएवढा असतो, डोकं परातीएवढं, डोळे हलत नाहीत आणि तो थेट अंगावर चालत येतो. घाबरणारं मूल शहाणंच म्हणायचं!

१९०० पार्क फेअरमध्ये सिंड्रेला, टियाना, अलादीन आणि मिराबेल हे चौघं असतात. चौघंही माणसाच्या चेहऱ्याचे. कोव्हिडपासून बंद असलेली ही जागा २०२४ साली नव्या पात्रांसह उघडली. मुलीला राजकन्या मिळतात, मुलाला परातीएवढं डोकं बघावं लागत नाही, बुफे असल्यामुळे सासूबाईंना निवडून घेता येतं, आणि हॉटेलात असल्यामुळे पार्कचं तिकीट लागत नाही. तुमच्या घरातल्या सहाही माणसांचं समाधान करणारी दुसरी जागा मला माहीत नाही. सातवा तुमचा भाऊ, तो न्यू जर्सीत आहे.

शेफ मिकीजला मी नावं ठेवत नाही. कंटेम्पररी हॉटेलातली ही जागा, मिकी, मिनी, डोनाल्ड, गुफी, प्लूटो पाचही जण एका ठिकाणी, आणि डोक्यावरून हॉटेलाच्या पोटातून मोनोरेल जाते. सहा-सात वर्षांच्या मुलांची चैन असते. पण तिथे मधूनमधून गाणं वाजतं आणि सगळं दालन उभं राहून कापडी रुमाल गरागरा फिरवतं. ज्या मुलाला छोटा भीम सोसला नाही त्याला दीडशे अनोळखी माणसं डोक्यावर रुमाल फिरवताना दाखवू नका.

पार्क फेअर नाहीच मिळालं तर पुढचा विचार असा. रिव्हिएरा हॉटेलाच्या गच्चीवरचं टोपोलिनोज टेरेस माझं स्वतःचं आवडतं. मिकी चित्रकार, मिनी कवयित्री, डोनाल्ड शिल्पकार आणि डेझी नर्तकी अशा वेषात येतात, आणि जेवण ताटात वाढून येतं, त्यामुळे बुफेची पळापळ नाही. पण याचं बुकिंग मिळणं म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट मिळण्यासारखं. बीच क्लब हॉटेलातलं केप मे कॅफे त्यामानाने सहज मिळतं. मिनी, गुफी, डोनाल्ड, डेझी असतात, मिकी नसतो. हे आधी सांगितलं नाही तर मुलं "मिकी कुठंय?" करत बसतात. पॉलिनेशियन हॉटेलातल्या 'ओहाना'त लिलो आणि स्टिचबरोबर मिकी-प्लूटो असतात, आणि पॅशनफ्रूट, संत्रं नि पेरू यांचा एकत्र रस मिळतो. तो माझे सासरे अजून आठवतात, पात्रं त्यांच्या लक्षातही नाहीत.

पार्कच्या आतल्या जागांमध्ये मॅजिक किंगडममधलं क्रिस्टल पॅलेस लहानांसाठी सगळ्यांत सौम्य. पूह, पिगलेट, टिगर आणि ईयोर. काचेचं छप्पर, भरपूर उजेड. भित्र्या मुलालाही पूह चालतो असं मी बऱ्याचदा पाहिलंय, बहुधा तो गोधडीसारखा दिसतो म्हणून. सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं रॉयल टेबल सगळ्यांत महाग, आणि पैसे जातात ते किल्ल्याचे. अ‍ॅनिमल किंगडममधलं टस्कर हाउस मसालेदार खाण्यासाठी आपल्या लोकांना आवडतं. बाकीच्यांबद्दल तुमच्या प्रश्नाला धरून सांगण्यासारखं काही नाही.

एक सावधगिरी: 'गुफीज किचन' नावाचं बुकिंग दिसलं आणि सहज मिळालं तर हुरळून जाऊ नका. ते कॅलिफोर्नियात आहे. एका कुटुंबाने ऑर्लँडोत उतरल्यावर मला ते बुकिंग अभिमानाने दाखवलं होतं.

आता ज्यावर भांडायचं ते. लोक नाश्ता पार्कच्या दिवशी सकाळी साडेआठ-नऊला ठेवतात. सुचायला सोपं आहे, पण पार्कमधला सगळ्यांत मोलाचा तास तोच असतो. दार उघडल्यापासूनच्या पहिल्या तास-दीड तासात रांगा छोट्या असतात. दहानंतर त्या वाढत जातात. तुम्ही तो तास वॉफल खात बसून काढता, मग सव्वादहाला पोट तुडुंब भरलेली, गोड खाऊन तरतरीत झालेली मुलं घेऊन भर गर्दीत शिरता. साडेबाराला धाकट्याची झोपेची वेळ. म्हणजे एका दिवसाच्या तिकिटाचे माणशी शंभर डॉलरच्या बरेच वर मोजून हातात आले दोन तास, तेही रांगेचे.

याउलट पाच दिवसांतला तिसरा दिवस मोकळा ठेवा. दोन दिवस पार्क करून पाय बोलायला लागलेले असतात, सासऱ्यांचे तर नक्कीच. त्या दिवशी साडेआठचं किंवा नऊचं टेबल. किसिमीहून गाडीने या, हॉटेलाच्या फाटकावर नाश्त्याचं बुकिंग आणि लायसन्स दाखवा. खाणाऱ्यांना साधारण तीन तास गाडी फुकट लावू देतात. खाऊन झालं की हॉटेलातूनच मोनोरेलमध्ये बसा. तिला तिकीट लागत नाही. ती तळ्याभोवती फिरते, कंटेम्पररी हॉटेलाच्या आतून जाते, लांबून किल्ला दिसतो. तुमच्या धाकट्याला ही चक्कर राजकन्यांपेक्षा जास्त आवडेल, लिहून ठेवा. मग परत उतरून तळ्याकाठच्या वाळूत मुलांना सोडा, सासू-सासरे खुर्चीत टेकतील, आणि घरी जाऊन सगळे झोपा.

पार्कच्या दिवशीच करायचं असेल तर निदान उशिराचं टेबल घ्या, सव्वादहा ते पावणेअकराचं. आधी घरून पोहे किंवा पोळीचा रोल खाऊन निघा, उघडल्या उघडल्या तीन-चार राइड उरका, आणि मग नाश्ता-जेवण एकत्रच. दुपारच्या जेवणाचे पैसे वाचतात. फक्त बुफे दुपारच्या पदार्थांकडे वळायच्या आत आपण आत असावं, म्हणून शेवटच्या वेळेच्या थोडं आधीचं घ्यायचं.

जे थेट भारतातून ऑर्लँडोला उतरतात त्यांचं गणित वेगळं. त्यांची मुलं पहाटे तीनला उठून बसतात. त्यांनी पहिल्याच सकाळचं सर्वांत लवकरचं टेबल घ्यावं. तुम्ही न्यू जर्सीत आठवडा काढून येताय, त्यामुळे तो प्रश्न नाही.

बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, ऑनलाइन, फ्लोरिडाच्या वेळेने सकाळी ६ वाजता. न्यू जर्सीची आणि फ्लोरिडाची वेळ एकच, म्हणजे भावाला पहाटे उठवा किंवा तुम्हीच पुण्यात बसून करा: सप्टेंबरात तिथले सकाळचे ६ म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. हिवाळ्यात तेच साडेचार होतात, कारण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं मागे जातात. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या ६० दिवस आधी मुक्कामातल्या १० दिवसांपर्यंतचं सगळं बुकिंग एकदम करता येतं. तुम्ही बाहेरच्या घरात राहताय, तुम्हाला ज्या दिवसाचं टेबल हवं त्याच्या बरोबर ६० दिवस आधी बसावं लागेल. म्हणजे डिस्नेच्या हॉटेलातले काही जण तुमच्या आधीच हात मारून गेलेले असतात. मोकळा दिवस तिसराच हवा असा हट्ट नसेल तर तिसरा आणि चौथा दोन्ही बघा.

खातं आधीच उघडून ठेवा, कार्ड भरून ठेवा. आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू केलेले नसतात आणि ते बरोबर ३ वाजून ३१ मिनिटांनी कळतं. माणसांची संख्या सहा टाका, पाच नाही. धाकटा फुकट असला तरी त्याला खुर्ची लागते, आणि पाचांच्या टेबलावर सहावा दामटून बसवत नाहीत. मोठ्या टेबलापेक्षा चौघांचं सहज मिळतं, म्हणून काही जण चार आणि दोन अशी दोन टेबलं घेतात. तिथे गेल्यावर ती शेजारी मिळतीलच असं नाही. आजी एका कोपऱ्यात आणि नात दुसऱ्या, असला प्रकार करू नका.

नाही मिळालं तर हातपाय गाळायचे नाहीत. बहुतेक टेबलं दोन तास आधीपर्यंत रद्द करता येतात, त्यानंतर न आल्यास माणशी १० डॉलर कापतात. त्यामुळे लोक तीन-तीन ठिकाणी बुकिंग धरून ठेवतात आणि आदल्या संध्याकाळी सोडतात. आदल्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर आणि त्या दिवशी उजाडताच अ‍ॅप उघडून बघत राहा. माझ्या लोकांना टोपोलिनोज मिळालंय ते जवळजवळ नेहमी असंच.

पैशांचं बोलू. नाश्त्याचे दर जागा आणि तारखेप्रमाणे हलतात. मोठ्यांना साधारण ५० ते ७० डॉलर, तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना ३० ते ४५ डॉलर असं धरून चाला. दहा वर्षांचं मूल मोठ्यांत मोजतात. तीन पूर्ण न झालेल्याला बुफेत पैसे नाहीत, म्हणजे तुमचा धाकटा चार महिन्यांनी सुटला. समजा मोठ्यांना ६० आणि मुलीला ३८ धरले. चार मोठे २४०, मुलगी ३८, झाले २७८. त्यावर साडेसहा टक्के कर, म्हणजे १८. सहा किंवा जास्त माणसांच्या टेबलाला १८ टक्के टिप बिलातच लावतात, ते ५०. एकूण ३४६ डॉलर. रुपयांत तीस हजारांच्या घरात. बिल आल्यावर टिपेचा रकाना रिकामा दिसतो आणि आपला भिडस्त माणूस त्यात पुन्हा ५० लिहितो. आधी वरची ओळ वाचा.

हा आकडा वाचून सासरे म्हणतील, "तुम्ही जा, आम्ही बाहेर बसतो." माझ्या अनुभवात दर तिसऱ्या घरात हे होतं. टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाचे पैसे लागतात, तेव्हा दोघं बाहेर राहिले तर शंभर-दीडशे डॉलर वाचतील हे खरंय. तरी मी म्हणते, न्या. पार्कमध्ये आजी-आजोबा दिवसभर बाबागाडी आणि पिशव्या राखत बसलेले असतात, फोटोत कुठेच नसतात. सहलीतली ही एकच जागा जिथे सगळे एका टेबलाशी, एसीत, दीड तास बसतात. पैसे वाचवायचेच तर एक पार्कचा दिवस कमी करा.

आणि 'पैसे वसूल' करायला जाऊ नका. ३४६ डॉलर भरलेत म्हणून चार-चार ताटं भरून आणणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यातले तिघं बुफेच्या रांगेत असताना सिंड्रेला टेबलाशी येऊन गेली, आणि टेबलावर होतं फक्त झोपलेलं बाळ. पात्रं ठरावीक क्रमाने फिरतात, परत वळून यायला बराच वेळ लागतो. बसल्याबसल्या वेटरला विचारा, "आता कोण येतंय आणि किती वेळात?" तो सांगतो. तुम्ही दोघांपैकी एकानेच उठायचं, दोन्ही मुलांची ताटं त्यानेच आणायची. मुलांनी स्वतः बुफेकडे जायचं ते चौघं येऊन गेल्यावर. कोणी राहून गेलंच तर निघण्याआधी वेटरला सांगा, संकोच करू नका, त्यांचं कामच आहे ते.

सहीची वही नेणार असाल तर पेन जाड न्या, बोटाएवढं. पोशाखातल्या पात्रांच्या हातात गुबगुबीत मोजे असतात, त्यांच्या हातून बॉलपेन सटकतं. राजकन्यांना कुठलंही चालतं. वही आणि पेन टेबलावर उघडं ठेवा, पिशवीत शोधण्यात भेटीचा अर्धा मिनिट जातो. फोटोचं काम एकाच माणसाला द्या. तिघांनी तीन मोबाइल धरले की मुलीला कळत नाही बघायचं कुणाकडे, आणि तिन्ही फोटोंत ती भलतीकडेच बघत असते.

मुलीच्या कपड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. इथल्या दुकानांत राजकन्येचा झगा महाग आहे. एका आजीने नातीसाठी खणाचं परकर-पोलकं शिवून आणलं होतं. सिंड्रेला टेबलाशी आली, तिने खाली बसून परकराचा काठ दोन बोटांत धरून पाहिला आणि विचारलं, "तुमच्या राज्यात सगळे असे सुंदर कपडे घालतात का?" पोरीने मान हलवून "हो" म्हटलं, मराठीतच. मग दोघींचं उंदरांवर बोलणं झालं, कारण आईने तिला आधी शिकवून ठेवलं होतं की सिंड्रेलाला उंदरांची खुशाली विचार. असे एक-दोन प्रश्न मुलीकडून पाठ करून घ्या. चेहऱ्याची पात्रं आपली गोष्ट सोडून बोलत नाहीत, पण गोष्टीतलं काही विचारलं की खुलतात. नाहीतर मुलं नुसती लाजून बघत राहतात आणि आई मागून "बोल ना, बोल ना" करत राहते.

धाकट्याचं. पार्क फेअरला भीतीचं कारण कमी, तरी पार्कमध्ये मिरवणुकीत कुठेतरी मिकी समोर येणारच. येण्याआधी पंधरा दिवस त्याला कार्टून दाखवू नका, खऱ्या नाश्त्यांचे व्हिडिओ दाखवा, ज्यात मिकी माणसांच्या शेजारी उभा आहे. म्हणजे त्याला उंची कळते. टेबलावर त्याला वाटेकडची खुर्ची देऊ नका, आत, भिंतीच्या बाजूला, तुमच्या आणि आजीच्या मध्ये बसवा. पात्र आलं की आधी तुम्ही हात मिळवा, मग ताईने, आणि त्याला फक्त बघू द्या. उचलून पात्राच्या हातात द्यायचं नाही, कधीच नाही.

माझा धाकटा तीन वर्षांचा असताना गुफीला बघून टेबलाखाली शिरला होता. मी त्याचा हात धरून ओढत होते, आजूबाजूचे बघत होते. गुफी दोन टेबलं अलीकडेच थांबला. त्याने दोन्ही मोज्यांनी स्वतःचे डोळे झाकले, आमच्याकडे पाठ केली आणि तसाच उलटा, एकेक पाऊल मागे टाकत आला. टेबलापासून हातभर अंतरावर थांबून त्याने फक्त एक हात मागे केला, पंजा उघडा. बराच वेळ तसाच. टेबलक्लॉथखालून आधी एक बोट बाहेर आलं, मग त्या बोटाने मोज्याचं एक बोट दाबून पाहिलं. गुफी हलला नाही. त्याने पुन्हा दाबलं, आतून हसला. गुफी वळून न बघताच पुढच्या टेबलाकडे गेला. फोटो एकही नाही. त्या दिवसापासून मी मुलं ओढायची सोडली.

सासूबाईंचं खाणं. बुकिंग करताना आहाराची नोंद करायची जागा असते, तिथे शाकाहारी, अंडं नाही असं स्पष्ट लिहा, आणि बसल्यावर वेटरला पुन्हा सांगा. शेफ बाहेर येऊन बुफेवरचं काय चालेल ते दाखवतो. नुसतं शाकाहारी म्हटलं तर अंडं त्यात धरतात. वॉफल, पॅनकेक, मफिन यांत सहसा अंडं असतंच, मिकीच्या आकाराच्या वॉफलमध्येही. फळं निर्धास्त. दही, टोस्ट, बेगल, ओटमील, दूध-सीरियल हे बहुतेक चालतं, तरी शेफला विचारून घ्या. बटाट्याच्या फोडी कशात परतल्यात ते विचारून घ्या. बिस्किटांबरोबरच्या पांढऱ्या ग्रेव्हीपासून लांब राहा, तिच्यात बहुधा सॉसेज असतं, आणि बिस्किट म्हणजे इथे खारट पावासारखा प्रकार. ग्रिट्स दिसले तर घ्यायला हरकत नाही, मक्याच्या रव्याचा उपमाच, फोडणी विसरलेला. माझ्याकडची अनुभवी मंडळी पर्समधून लोणच्याची पुडी काढतात आणि मी दुसरीकडे बघते.

आणखी एक, आणि हे मी चेष्टेने सांगत नाहीये. दोन वर्षांपूर्वी एक कुटुंब आलं होतं. ६० दिवस आधी, बरोबर सहाला बसून मिळवलेलं टेबल. सगळे सजून आले, आणि आजींनी गाडीतच जाहीर केलं की आज संकष्टी. साठ डॉलरच्या ताटात त्या माउलीने द्राक्षं आणि खरबुजाच्या चार फोडी घेतल्या, आणि टियानाने आग्रह केला तरी बधल्या नाहीत. तुमच्या सासूबाई उपवास करत असतील तर तारीख ठरवण्याआधी त्यांना विचारा, आणि नुसतं पुण्याचं कालनिर्णय बघू नका. चंद्रोदय तिथला आणि इथला वेगळा, कधी कधी वारही बदलतो. अमेरिकेतल्या शहराप्रमाणे पंचांग दाखवणारी अ‍ॅप आहेत, त्यात ऑर्लँडो टाकून तारीख तपासा आणि मगच ६० दिवस उलटे मोजा.